तोटा कोणाच्या नावावर?

31 मार्च 1964 च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली तेव्हा ती खच्चून भरलेली होती, आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसं निरोपाला उभी होती. 15 सप्टेंबर 2023 ला जुन्या लाल डबलडेकरची शेवटची फेरी झाली, तेव्हाही हारतुरे आणि फोटो. निरोप द्यायला आपण हौसेने जमतो. गाडी चालू असते तोवर मात्र ती वेळेवर येते का, तिच्या फेऱ्या कमी का झाल्या, हे विचारायला फारसं कोणी फिरकत नाही.

9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम कुलाबा ते पायधुणी धावू लागली. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. भाडं तीन आणे, पुढे लवकरच दोन आणे. 1907 मध्ये विजेची ट्राम आली आणि 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली. ही बस सुरुवातीला चांगलं कमावणाऱ्यांची मानली जाई. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे, बसला चार आणे. काटकसर करणाऱ्याने ट्राम धरायची, खिशात जरा खुळखुळत असेल त्याने बस. पुढे बस सगळ्यांची झाली, रस्त्यावर मोटारी वाढल्या, आणि दीड आण्याची ट्राम रहदारीला अडथळा ठरून रुळांसकट गेली. आता ज्यांना परवडतं ते मोटारीत बसतात आणि पुढे थांब्यावर उभ्या असलेल्या बसला हॉर्न मारतात. आपण ज्या गाडीत बसत नाही ती गाडी आपल्याला अडथळा वाटते. साठ वर्षांपूर्वी वाटली, आजही वाटते.

सार्वजनिक गाडी नसते तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. 1901 च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला भीमराव आणि त्याची भावंडं आगगाडीने मसूरला उतरली. तिथवर तिकिटाच्या पैशांवर काम भागलं. पुढे बैलगाडी हवी होती. मुलं महार आहेत म्हटल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल, या अटीवर सौदा ठरला. 1929 मध्ये, बॅरिस्टर झालेल्या आणि सरकारी समितीच्या कामावर असलेल्या डॉ. आंबेडकरांना चाळीसगावात टांगेवाल्यांनी तेच केलं. सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बाबासाहेबांनी हे दोन्ही प्रसंग स्वतः लिहून ठेवले आहेत.

आगगाडीत आणि ट्राममध्ये जातिभेद नव्हता असा भाबडा दावा मी करणार नाही. माणसं आपापले विटाळ बरोबर घेऊनच चढत. पण भाडं ठरलेलं, तिकीट सर्वांना सारखं आणि गाडी कोणाला नाकारायची हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही, ही व्यवस्था उपदेशाच्या शंभर व्याख्यानांना भारी पडली. नुसत्या भाड्याच्या वाहनाला हा गुण आपोआप येत नाही. रात्री दहाला स्टेशनबाहेर 'उधर नहीं जाएगा' ऐकलेल्या कोणालाही हे विचारा.

मुंबई महापालिकेने 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्राम आणि बस चालवणारी, वीज पुरवणारी बेस्ट कंपनी ताब्यात घेतली. बेस्ट लोकांची झाली. अनेक वर्षं विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघे. ती सोय कायद्याने आणि न्यायालयांनी बंद केली आणि तिथून 'तोट्यातली बेस्ट' हे पालुपद सुरू झालं. दहा-बारा वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर असलेला ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे, त्यातल्या बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या. 2019 मध्ये किमान भाडं पाच रुपये केल्यावर प्रवासी परतले होते. 9 मे 2025 ला ते दहा झालं. पहिल्या ट्रामची तारीखही 9 मेच होती, हे भाडं वाढवणाऱ्यांच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

आता सागरी किनारा रस्ता घ्या. महापालिकेने दहा-साडेदहा किलोमीटरवर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च केले. दुचाकी आणि रिक्षाला तिथे मज्जाव, मोटारीला टोल नाही. या रस्त्याचा वार्षिक तोटा किती, असा प्रश्न कोणी विचारला? विचारत नाहीत, कारण त्याला विकास म्हणायचं ठरलं आहे. मोटारवाल्यावर झालेला खर्च ही गुंतवणूक आणि धारावीहून कफ परेडला धुणीभांड्यासाठी जाणाऱ्या बाईवरचा खर्च मात्र तूट, हा हिशेब लबाडीचा आहे. त्यावर सही करणारे आपल्यातलेच शिकलेले लोक आहेत, म्हणून ही लबाडी अधिक बोचते.

मेट्रो आली, चांगलं झालं. पण मेट्रोच्या स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा मैल बसचाच आहे, आणि तिथे आज शेअर रिक्षाची रांग आहे.

तेव्हा मागणी सरळ करावी. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांच्यासारखाच बसचा खर्च अर्थसंकल्पात हक्काने दाखवा. दरवर्षी हात पसरायला लावून 'अनुदान' म्हणू नका. सिग्नलवर वाहनं मोजू नका, माणसं मोजा, मग पन्नास जणांच्या बसला वेगळी मार्गिका द्यायची की नाही याचा वाद उरणार नाही. आणि ज्यांचं शिक्षण, नोकरी, पहिला पगार बेस्टच्या रांगेत झाला त्यांनी निदान तिची बाजू घ्यावी. पुढच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघेलच. तेव्हा फाटकाबाहेरच्या बसथांब्याचाही विषय काढा; त्याच्यापुढे कोणाच्या गाड्या उभ्या असतात हे सभेला हजर असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.