इच्छेची पारख : पुण्यातल्या ख्रिस्ती जीवनाचा एक धडा

नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठात ‘एपिथुमिया’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी येतो. याकोबाच्या पत्रात तो पापाला जन्म देणाऱ्या वासनेसाठी वापरला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू शेवटचे वल्हांडणाचे भोजन शिष्यांसोबत घेण्याची उत्कट इच्छा बोलून दाखवतो, तिथेही तोच शब्द आहे. मराठीने या दोन टोकांना निराळी नावे दिली: एकीकडे वासना, दुसरीकडे ओढ किंवा तळमळ. त्यामुळे या मुळातच दोन वेगळ्या वस्तू आहेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मनात इच्छा उठते तेव्हा तिच्यावर कोणतेच नाव लिहिलेले नसते. ती वासना आहे की देवाची हाक, हे ओळखण्याचे काम माणसाला करावे लागते आणि तेही अनेकदा निर्णयाची घटका येऊन ठेपल्यावर.

ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाने इच्छा मारून टाकण्याचा मार्ग पत्करला नाही. संत ऑगस्टीनच्या मते माणूस जिकडे प्रेम ओढते तिकडे जातो. म्हणून त्याचा प्रश्न प्रेमांच्या क्रमाचा होता: कोणती गोष्ट किती प्रिय असावी आणि कोणती कोणाच्या आधी. स्वतः ऑगस्टीनला हा क्रम लावायला अनेक वर्षे लागली. देव हवा होता आणि सुटत नव्हती ती जुनी सवयही हवी होती. इसवी सन 386 मध्ये मिलानच्या बागेत त्याने निर्णय घेतला, तेव्हा बुद्धीची खात्री त्याला आधीच पटलेली होती. इच्छा मात्र दुभंगलेली होती.

या विचाराला रोजच्या वापराचे रूप दिले ते इग्नेशियस लोयोला यांनी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात पडून असताना त्यांना शौर्यकथा वाचायच्या होत्या, पण हाती आली ती ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र सांगणारी पुस्तके. कधी ते दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवत, कधी संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. फरक नंतर कळे: पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. इच्छेची पारख तिच्या जोरावरून करायची नसून ती ओसरल्यावर मागे काय उरते त्यावरून करायची, ही त्यांची मोठी देणगी. पुढे पोपची मान्यता मिळून 1548 मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या साधनेच्या पुस्तकात प्रत्येक प्रार्थनेच्या आरंभी ‘मला काय हवे आहे’ हे देवापुढे स्पष्ट मागायला सांगितले आहे. मन खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये, असाही नियम तिथे आहे. शिवाय चांगल्याच रूपात आलेली ओढही फसवी असू शकते, म्हणून ती आरंभापासून शेवटापर्यंत तपासावी, असा इशारा आहे.

पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीच्या परिसरात ही पद्धत आजही शिकवली जाते. श्रीलंकेतील कँडीचे पेपल सेमिनरी 1955 मध्ये इथे आले. इग्नेशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाचे डी नोबिली कॉलेज आणि ज्ञानदीप ही शिक्षणसंस्थाही याच परिसरात आहे. देशभरातून पुरोहित होण्यासाठी आलेल्या तरुणांपुढचा पहिला प्रश्न इच्छेचाच असतो. कॅथलिक मराठीत ज्याला ‘पाचारण’ म्हणतात ते खरोखर पाचारण आहे, की आईची हौस, घराण्याची प्रतिष्ठा, शिक्षणाची संधी किंवा संसाराची भीती? उत्तर बहुधा यातले एकच नसते. म्हणूनच प्रशिक्षण अनेक वर्षांचे असते.

मात्र इच्छा आणि निर्णय यांचे नाते पुण्यात सर्वांत खोल दिसते ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ आणि पतीही. 1882 मध्ये त्या आपल्या लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. इथेच मिस हर्फर्ड यांच्याकडे त्या इंग्रजी व नवा करार वाचू लागल्या. चित्पावन घराण्यातून ख्रिस्ती झालेले विद्वान नीळकंठ नहेम्या गोऱ्हे यांच्याशीही इथेच परिचय झाला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सुटला. एक इच्छा अशी बंद पडली तेव्हा दुसरीला वाट मिळाली.

ती दुसरी इच्छा त्या मायदेशातूनच घेऊन गेल्या होत्या. शास्त्रांच्या अभ्यासातून स्त्रीच्या वाट्याला आलेली तुच्छता त्यांना टोचत होती. लंडनजवळ फुलहॅम येथे, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सिस्टर्स सांभाळत असल्याचे त्यांनी पाहिले आणि हे का करता, असे विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. येशू त्या बाईशी विहिरीवर बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्या तहानेपर्यंत पोचतो. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्ह्यांच्या लेखनाने बुद्धीच्या शंका सुटायला मदत झाली होती. पण त्यांना हलवले ते न्यायाच्या तहानेने, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या कामावरून दिसते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. आपल्या इच्छेला जुळणारा देव निवडणे म्हणजे श्रद्धा की सोय? वाँटेजच्या सिस्टर्सशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचला की उत्तराची दिशा मिळते. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी चर्चचे सारे मत गिळले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल त्या त्यांच्यापैकीच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वाद घालत राहिल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत असा आग्रह धरला. इंग्लंडमध्येच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा बिशपांनी विरोध केला, तोही त्यांनी मुकाट्याने मानला नाही. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला, रमाबाईंना सदसद्विवेकबुद्धी. तीच इच्छा एकीला मोह वाटते आणि दुसरीला देवाची आज्ञा. नम्रता सांगणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही, पण या वादात रमाबाईंचीच बाजू खरी होती असे म्हणावे लागते. सोयीची इच्छा माणसाला आश्रयदात्यांच्या मर्जीत ठेवते. या इच्छेने त्यांना त्याच आश्रयदात्यांसमोर उभे केले.

रमाबाईंची स्वतःची कबुली याहून पुढे जाते. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा आशय त्यांनी 1907 च्या आत्मनिवेदनात मांडला आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना तो अनुभव आला. म्हणजे न्यायाच्या तळमळीने त्यांना दारापर्यंत आणले आणि आत गेल्यावर त्या तळमळीचाच शोध बदलला. अनेक ख्रिस्ती चरित्रांत हे वळण दिसते. आरंभीची इच्छा खोटी ठरत नाही, तिच्याखालची अधिक खोल इच्छा उघडी पडते.

या बदलाची किंमत पुण्यातच मोजावी लागली. रमाबाईंनी विधवांसाठी मुंबईत 1889 मध्ये सुरू केलेले शारदासदन 1890 मध्ये पुण्यात आले. तिथे धर्माची सक्ती नसेल असा शब्द दिलेला होता. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. 1893 मध्ये यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शब्द पाळण्याची इच्छा आणि आपल्याला मिळालेले लपवू नये ही इच्छा, दोन्ही चांगल्या होत्या आणि एकमेकींशी भिडल्या होत्या. सक्ती झाली नव्हती हे खरे. पण विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांची अस्वस्थताही खोटी नव्हती. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. हा मार्ग अधिक सरळ होता.

मुक्ती मिशनने मिश्र इच्छांचा प्रश्नही समोर आणला. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. भाकरीसाठी आलेल्या मुलीची श्रद्धा खरी मानायची का? योहानच्या शुभवर्तमानात भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव येशूला शोधत येतो तेव्हा तो त्यांच्या हेतूवर बोट ठेवतो, पण त्यांना हाकलत नाही. उलट बोलणे तिथूनच सुरू करतो. भूक ही इच्छाच आहे आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार पोट भरलेल्याला नाही. मात्र भुकेल्याकडून धर्माची किंमत वसूल करणे हा तिचा गैरफायदाच. या दोन वाक्यांमधली रेघ प्रत्येक ख्रिस्ती सेवासंस्थेला पुन्हा पुन्हा आखावी लागते.

त्याग ही शुद्ध इच्छेची खूण, असा समज असतो. पण कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना लक्षात येते की निर्णय एकाच्या तळमळीचा होता आणि त्याचा मोठा भार दुसरीने वाहिला. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या पायांनी ख्रिस्ती धर्मात आल्या, पण त्यामुळे आधीची वर्षे पुसली जात नाहीत. कोणाच्या वाट्याचा त्याग आपण देवाला देत आहोत, हा प्रश्न पारखण्याच्या नियमांत असायलाच हवा.

काही वेळा प्रामाणिक ओढ चर्चबाहेरही नेते. मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये अहमदनगरला सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम पुढे पुण्यात आला आणि 1927 मध्ये ऑक्सफर्डचा तरुण पाद्री व्हेरियर एल्विन संघात दाखल झाला. भारतीय पद्धतीने ध्यान करण्याची इच्छा त्याला गांधींपर्यंत, आणि तिथून संघातलाच सोबती शामराव हिवाळे यांच्यासह मध्य भारतातील गोंडांपर्यंत घेऊन गेली. काही वर्षांत त्याने चर्च सोडले. याला अपयश म्हणावे की निष्ठा, यावर ख्रिस्ती वाचकांत एकमत होणार नाही.

इच्छा पारखण्याची आणखी एक वाट पुण्यातच निघाली. येशूसंघीय अँथनी डिमेलो यांनी 1970 च्या दशकात पुण्यात साधना संस्था सुरू केली, जी पुढे लोणावळ्याला गेली. त्यांचा भर आसक्ती ओळखून सोडण्यावर होता, भारतीय आणि बौद्ध ध्यानाच्या अंगाने. त्यांच्या निधनानंतर 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल सावधगिरीचे निवेदन काढले. इग्नेशियस मागायला शिकवतात आणि डिमेलो मागणाऱ्याकडेच पाहायला सांगतात. दोघांचे मार्ग वाटतात तितके दूर नाहीत, कारण मागणारा स्वतःला ओळखत नसेल तर त्याचे मागणेही धूसर राहते.

उरतो तो पुरी न होणाऱ्या इच्छेचा प्रश्न. गेथशेमानेत येशू प्याला टळावा असे उघडपणे मागतो आणि तरी पित्याच्या इच्छेला स्वतःची इच्छा सोपवतो. मागणे लपवलेले नाही, हट्टही धरलेला नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनशी जोडल्या गेलेल्या नहेम्या गोऱ्ह्यांना हवी होती निःसंशय खात्री. 1848 च्या बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. तरीही ते लिहीत राहिले, शिकवत राहिले, रमाबाईंसारख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.