बेलाचे पान, बेलाचे फळ

बेल हा संत्रा, लिंबू आणि कवठ यांच्याच कुळातला वृक्ष. त्याचे पान उजेडासमोर धरले की संत्र्याच्या पानात दिसतात तसेच तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके त्यातही दिसतात. वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात; या घराण्यातला बेल मात्र बाजारापेक्षा देवळाशी जोडलेला. महाशिवरात्रीला मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या महादेवाला बेलाची त्रिदळे वाहिली जातात आणि घरी उपवासाला कवठ खाल्ले जाते.

बेल औषधी आहे म्हणून पूर्वजांनी त्याला देवत्व दिले, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. औषधाचा तपशील पाहिला की हे म्हणणे लंगडे पडते. आयुर्वेदात अतिसार आणि ग्रहणीवर मुख्यतः कच्चे फळ वापरतात, तर दशमूळ या दहा मुळांच्या औषधात बेलाचे मूळ येते. इतर फळे पिकल्यावर गुणी होतात, बेल मात्र कच्चाच बरा, असे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात म्हटले आहे. कच्चा गर टॅनिनमुळे तुरट आणि स्तंभक असतो. पिकलेला गोड गर उलट सारक ठरतो. पुणे जिल्ह्यातल्या परिंचे खोऱ्यातली कच्ची फळे घेऊन मुंबईत झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक मजेदार गोष्ट दिसली. फळाच्या काढ्याने तपासलेल्या सहा जीवाणूंपैकी एकही मेला नाही. पण पेशींना चिकटण्याची आणि आत शिरण्याची त्यांची क्षमता घटली, आणि पटकीच्या विषावरही काढ्याचा परिणाम झाला. म्हणजे जीवाणू न मारता जुलाबाला आळा.

महादेवाला मात्र फळ नव्हे, पान वाहायचे असते. पानांच्या अर्काने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचे प्रयोग आहेत. पण पूजेचे नियम रोग किंवा मात्रा यांबद्दल बोलतच नाहीत. ते तिथी-वार सांगतात: सोमवारी, चतुर्थीला, अष्टमीला, अमावास्येला बेल तोडू नये, आदल्या दिवशी तोडलेला चालतो, वाहिलेलाही धुऊन पुन्हा वाहता येतो. त्याने झाडाला थोडी उसंत मिळत असेल, तरी नियमाचा हेतू तोच होता असे म्हणायला आधार नाही.

वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची दृष्ट आणि अदृष्ट फळांची विभागणी इथे उपयोगी पडते. ज्या कर्माचे फळ डोळ्यांनी दिसते त्यासाठी अदृष्टाची कल्पना करायची नाही. भात कांडला की तूस निघते, एवढे पुरे. काढ्याने जुलाब थांबणे हे दृष्ट फळ, पान वाहण्याचे फळ अदृष्ट. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही. शंकराचार्यांनी ज्ञान वस्तुतंत्र, म्हणजे वस्तूवर अवलंबून, आणि कर्म पुरुषतंत्र, म्हणजे कर्त्यावर अवलंबून मानले. तोच भेद इथे लावला तर काढा वस्तूच्या बाजूला पडतो, कारण तो नास्तिकालाही लागू पडतो. पूजा कर्त्याच्या बाजूला.

महाशिवरात्रीची कथाच मात्र ही वाटणी मोडते. बेलाच्या झाडावर सावजाची वाट पाहत रात्र काढणारा व्याध नकळत पाने खाली टाकतो, ती पिंडीवर पडतात आणि तो उद्धरतो. श्रद्धा नाही, संकल्प नाही. पान जणू औषधासारखे काम करते. गीतेचा नववा अध्याय नेमका उलट टोकाला आहे: तिथे कुठलेही पान चालते, अट फक्त भक्तीची.