देणं गळलं, नेणं उरलं

प्रार्थना फळली नाही तरी स्तुती करत राहायचं, ही श्रद्धा की नुसती सवय? सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायक-गीतकाराच्या कारकिर्दीत हा प्रश्न फार नेमका मांडला गेला आहे. 2004 चा त्याचा ‘सेव्हन स्वान्स’ हा अल्बम उघडच बायबली; अब्राहाम काय, येशूचं रूपांतर काय. माझ्या मते मात्र खरा ऐवज पुढच्या वर्षीच्या ‘इलिनॉय’मधल्या ‘कॅसिमिर पुलास्की डे’ या गाण्यात आहे. एका मुलीला हाडांचा कर्करोग झालाय. मंगळवारी रात्री बायबल-अभ्यासाला जमलेली मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करतात. काहीच घडत नाही. गाण्याला जिचं नाव आहे, मार्चमधल्या त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती जाते. सर्वस्व गेल्यावर बायबलमधल्या ईयोबाने देवाचं देणं आणि नेणं एका दमात उच्चारून त्याला धन्य म्हटलं होतं. इथे शेवटी देणं गळून पडतं, नेणं तेवढं पुन्हापुन्हा येतं. पण नेणारा देवच राहतो. जो नाहीच, त्याच्यावर आळ घेणार कोण?

भाविक म्हणतील, ही कुरकुर झाली; त्याची इच्छा मुकाट्याने मानावी. मग स्तोत्रसंहितेतल्या इतक्या विलापांचं काय करायचं? 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि ते ग्रंथाबाहेर काढावं असं कोणाला वाटलेलं नाही. नास्तिकांचा आक्षेप जास्त बोचरा आहे: बँजो, ट्रम्पेट, कोरस यांच्या गोडव्यात दुःखाची धार बोथट होते, आणि धर्म नेहमी करतो तेच इथे संगीत करतं. ‘इलिनॉय’च्या थाटमाटापुरतं हे मी मान्य करतो, काही गाण्यांत सजावट खरंच जास्त झाली आहे. पण 2012 मध्ये स्टीव्हन्सची आई वारली. तो अगदी लहान असताना ती घर सोडून गेली होती. तिच्यावरच्या ‘कॅरी अँड लोवेल’मध्ये (2015) हा सगळा सरंजाम गेलेला आहे, ड्रम जवळजवळ नाहीतच, गिटार आणि कुजबुजल्यासारखा आवाज. गुंगी हवी असती तर ती इथेच सर्वांत जास्त लागली असती. क्रूस मात्र तिथेही आहे, फक्त त्याच्या सावलीत गारवा नाही, हे एका गाण्याचं शीर्षकच सांगतं. म्हणजे श्रद्धा सजावटीत नव्हती.

2023 मध्ये आलेला ‘जॅव्हलिन’ त्याने आपल्या दिवंगत जोडीदाराला, एका पुरुषाला, अर्पण केला. ज्या चर्चना हे नातंच मंजूर नाही, त्यांना यातली आर्जवं प्रार्थना म्हणून पटणं कठीण. पण ती त्यांच्या नावे लिहिलेलीच नाहीत.