अडचण आणि सबब

माणूस अडचणींपेक्षा सबबींपुढे अधिक वेळा हरतो, असे आम्हांस वाटते. अडचण बाहेरून येते. सबब आपण घरीच घडवतो.

कोल्हापूरचे बाबुराव पेंटर पाहा. चित्रपटाचे स्वप्न सोबतीने पाहणारे आनंदराव पेंटर 1916 साली निवर्तले. कॅमेरा नव्हता, पैसा नव्हता. बाबुराव थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण कॅमेरा त्यांनी येथेच घडवला, तानीबाई कागलकरांनी भांडवल दिले आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील तिसऱ्या सेवकाची भीती खोटी नसेल. परंतु तिचा दोष त्याने धन्याच्या कठोरपणावर ढकलला आणि मिळालेले धन पुरून ठेवले. अडचण ‘आता काय करावे?’ असे विचारायला लावते. सबब तो प्रश्नच मिटवते.

‘आपला समाज लहान, धंदा आपल्या रक्तात नाही,’ असे आपण म्हणतो, तेव्हा ठपका कोणावर ठेवतो? देणाऱ्यावरच ना?

मात्र ही कसोटी शेजाऱ्याला लावण्यासाठी नव्हे. त्याची अडचण खरीच मानावी आणि तानीबाईंप्रमाणे हात पुढे करावा. तपासायची ती स्वतःची सबब.