मोटर बदलली, दोष तसाच

रिमोटचं बटण दाबलं, तीन दारं लॉक झाली आणि मागचं एक दार तसंच राहिलं. दोष कोणाचा? आपलं उत्तर तयार असतं: त्या दारातली लॉकची मोटर गेली असणार, बदलून टाका. पण ‘असणार’चं ‘आहे’ आपण नक्की कधी करतो? खात्री नसताना कुणावर दोष ठेवण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो?

आधी यंत्र बघू. सेंट्रल लॉकमध्ये प्रत्येक दारात एक छोटी मोटर असते. करंट एका दिशेने गेला की लॉक लागतं, उलट दिशेने गेला की उघडतं. चारही दारं गप्प असतील तर आधी सामाईक गोष्टी तपासायच्या: फ्यूज, रिले, स्विच, कंट्रोल युनिट. एकाच दारातून मोटरचा आवाज येतोय पण लॉक हलत नसेल, तर आतले प्लॅस्टिकचे दाते झिजलेत का ते बघायचं. आवाजच नसेल तर मोटर तरी गेली, नाहीतर तिच्यापर्यंत करंटच पोचत नाही. दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून वायरी जातात. दार उघडताना-लावताना त्या दर वेळी वाकतात आणि काही वर्षांनी एखादी आतल्या आत तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणजे मोटर गेली तरी दार गप्प, मोटर धडधाकट असली तरी दार गप्प. जी खूण दोन्हीकडे सापडते तिच्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे हेत्वाभास, असं आपलं न्यायदर्शन सांगतं. ‘सव्यभिचार’ हे त्याचं नाव. जिथे लक्षण दिसलं तिथेच अपराधी, ही सवय आपण गाडीपुरती ठेवत नाही. वर्गात जो पोरगा गप्प बसतो तो ढ. त्याच्यापर्यंत शिकवणं पोचतंय का, हे कोण बघतं?

बघायची पद्धत तशी सोपी आहे. मोटरचा कनेक्टर काढायचा, त्यावर टेस्ट लॅम्प लावायचा आणि बटण दाबायचं. नुसता मल्टीमीटर इथे फसवू शकतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवेल. बल्ब मात्र करंट ओढतो आणि मिणमिणतो. भार पडल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. दाराचं पॅड खोलताना वायरी हलतात, तुटलेली टोकं पुन्हा टेकतात, नवी मोटर चालते. सगळे खूश. आठ दिवसांनी दार पुन्हा गप्प. चाललं म्हणजे कारण सापडलं, असं नसतं.

मग मेकॅनिक लबाड का? त्याच्या बाजूने बघा. तासभर शोधून त्याने एक वायर जोडून दिली तर आपण म्हणतो, “एवढ्याशा वायरीचे एवढे पैसे?” मोटर बदलली तर खोका दिसतो, बिल दिसतं, आपण मुकाट्याने देतो. शोधण्याला किंमत नाही, बदलण्याला आहे, हा बाजार आपण गिऱ्हाइकांनीच घडवलाय. तुटलेली वायर अलीकडे, आपल्या बाजूलाही आहे.

तरी मेकॅनिक पूर्ण सुटत नाही. मोटर काही बोलू शकत नाही. माणूस “अजून खात्री नाही, बघावं लागेल” असं म्हणू शकतो. ते वाक्य गिळून आत्मविश्वासाने पार्ट बदलणं, इथून खोटं सुरू होतं. आणि ते वाक्य ऐकल्यावर “याला काही येत नाही” म्हणत आपण दुसऱ्या गॅरेजकडे वळलो, तर त्या खोट्यात आपलाही वाटा आहे.

पुढच्या वेळी एवढंच सांगून बघा: “शोधायचे पैसे वेगळे देतो. पण जुनी मोटर क्षणभर थेट बारा व्होल्टवर लावून दाखवा, मग नवी मागवू.”