उद्याची हमी नसताना

श्रद्धा असली की संकट टळतं, अशी समजूत सगळ्याच धर्मांत आढळते. ख्रिस्ती घरांतही ती आहे. आजारपण आलं, नोकरी गेली, गावात तणाव वाढला की प्रार्थना सुरू होते ती बहुधा ‘हे टळू दे’ एवढ्यासाठीच. यात गैर काही नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली होती. भीती वाटणं हे पाप नव्हे, हे ख्रिस्ती माणसाने तिथूनच शिकावं. पण त्या रात्रीची प्रार्थना तेवढ्यावर थांबत नाही. ती पित्याच्या इच्छेपाशी येऊन ठेपते आणि मग येशू उठून पकडायला आलेल्यांना सामोरा जातो. भीती असते; निर्णय मात्र ती घेत नाही. ख्रिस्ती धैर्य म्हणजे माझ्या मते एवढंच, आणि एवढं पुष्कळ अवघड आहे.

हे धैर्य मराठी मुलखात जगून दाखवलं ते पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारक पाठीराखे सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती, आणि रमाबाईंची श्रद्धाही लपवून ठेवण्याजोगी नव्हती. त्यांनी खोलीचं दार लावून प्रार्थना करायला नकार दिला आणि परिणाम सोसले.

खरी कसोटी पुढे होती. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ ही रमाबाईंसाठी वर्तमानपत्रातली बातमी नव्हती. ऐन तारुण्यात त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गमावली होती. भूक माणसाचं काय करते हे त्यांनी अंगावर झेललं होतं. अशा माणसाने त्या वाटेला पुन्हा जाऊ नये, असंच कुणीही म्हणालं असतं. शिवाय पैशाचं बळ नव्हतं. अमेरिकेतल्या मंडळाने सदनाला दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं आणि ती मुदत संपत आली होती. अशा वेळी हात आखडता घेणं शहाणपणाचं ठरलं असतं. रमाबाई मात्र दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती. इतक्या जणींना शहरात ठेवण्याची मुभा नव्हती. फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे मुक्काम हलला. सुरुवातीला झोपड्या होत्या. आलेल्या मुली हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड, डोक्यात उवा. सदनातल्या जुन्या मुलींनी, म्हणजे काल ज्यांना आसरा मिळाला होता त्यांनीच, या नव्या मुलींना न्हाऊ घालायचं, भरवायचं आणि अक्षरं शिकवायची. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम सुरू झालं, पुढे छापखानाही आला. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं, रोजच्या कामातून.

या कामातलं धैर्य फक्त दुष्काळापुरतं नव्हतं. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची जी परवड होत होती, तिच्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, तेव्हा गप्प बसावं, असा हिशेब त्यांनी केला नाही. इंग्लंडमध्ये शिकताना त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांनाही तोंडावर प्रश्न विचारले होते. देवाचं भय ज्याला खरोखर असतं, त्याला माणसांचं भय कमी वाटू लागतं, याचा हा पुरावा.

आजचा काळही अस्थिर आहे. नोकरीचा भरवसा नाही, हवामानाचा नाही, शेजाऱ्याच्या मनात काय आहे याचाही नाही. देशातल्या लहानशा ख्रिस्ती समाजाला वाटणारी भीती काल्पनिक नाही, आणि तिला हसून उडवणं अन्यायाचं होईल. पण भीती वाढली की मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, आतल्या आत आकसते. सारा वेळ आपली जमीन, आपली शाळा, आपली माणसं यांच्या राखणीत जातो. राखण आवश्यकच आहे. पण केवळ राखणीसाठी मंडळी स्थापन झालेली नाही.

धाडस म्हणजे वाटेल तिथे उडी घेणंही नव्हे. रमाबाईंकडे जमीन होती, कामाला तयार माणसं होती, सवय होती. नव्हती ती उद्याची खात्री, आणि तेवढ्यासाठी त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक मंडळीने यंदा असं एक काम हाती घ्यावं, ज्याचा लाभ मंडळीबाहेरच्या कुणाला होईल आणि ज्याचे पुरेसे पैसे अजून जमलेले नाहीत. प्रार्थना जरूर करावी. पण प्रार्थना संपल्यावर उठून दार उघडावं. दाराबाहेर माणसं उभी आहेत.