माव्याचा काळ

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी घरांना अंगणं दिली आणि लोकांनी त्यांत झाडं लावली. तिथल्या एखाद्या जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला, तर फवारणीची बाटली उचलण्याआधी पान उलटून पाहा. केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली इवलीशी अंडी दिसली, तर ती मावा खाणाऱ्या क्रायसोपा या कीटकाची.

त्यांतून निघणारी अळी करड्या रंगाची, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. पण भूक जबर! तिचे जबडे वाकडे, टोकदार आणि आतून पोकळ. मावा त्यांत पकडायचा, पाचकरस त्याच्या अंगात सोडायचा आणि आतलं विरघळलं की शोषून घ्यायचं. उरतं ते रिकामं कातडं. काही जातींच्या अळ्या अशी कातडी पाठीवर लादून हिंडतात, म्हणजे माव्याची राखण करणाऱ्या मुंग्यांना त्या ओळखूच येत नाहीत. मला याचं फार नवल वाटतं.

ही अळी भावंडांनाही सोडत नाही. देठावर असल्यामुळेच अंडी तिच्यापासून थोडी सुरक्षित राहतात, आणि प्रयोगशाळेत वाढवताना प्रत्येक अळीला वेगळा कप्पा द्यावा लागतो. पुढे ती रेशमी कोष विणते आणि त्यातून हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक बाहेर येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या जातीत तो परागकण आणि मधुरसावर जगतो.

रासायनिक फवारा मारला तर माव्याबरोबर बहुधा ही अळीसुद्धा मरते. तेव्हा अंडी दिसली, तर आठवडाभर थांबा.